मुदतपूर्व बारसं

पाच डिसेंबरला तारनाक्यातल्या एका फ्लॅटमध्ये बाळ येशूचं बारसं थाटात पार पडलं.

सहा तारखेला सकाळी असं ठरलं, की ते झालंच नाही. कुलदीपने मातीच्या बाळाला गव्हाणीतून उचललं, कापसात गुंडाळलं आणि पुन्हा बुटाच्या खोक्यात ठेवलं. गव्हाणीला बांधलेली झोक्याची दोरी सोडली. जमिनीवर सांडलेल्या घुगऱ्या एकेक करून वेचल्या. मेंढपाळ, गाढव आणि उंट जागच्या जागी होते. साक्षीदार म्हणून ते गप्प बसणारे होते.

फ्लॅट शेजारच्या शौरम्मा आंटींचा; यंदा अंकल गेल्यापासून त्या एकट्याच. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा वाजता त्या घरी आल्या. वॉकर टेकत टेकत थेट देखाव्यापाशी गेल्या आणि रिकाम्या गव्हाणीकडे बघत राहिल्या.

"खाली रखा तू," त्या म्हणाल्या. "सब लोगां जल्दी करते, बाबू. पैले दिन से बच्चे को सुला देते. तू समझा."

"हौ आंटी," कुलदीप म्हणाला. त्याचे कान तापले.

दवाखान्यात जायच्या आधी आंटींनी त्याला किल्ली दिली होती आणि पाठोपाठ एक लांबलचक मेसेज पाठवला होता. चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, नाताळच्या चार रविवार आधी सुरू होतं. आधी जांभळा रंग, मध्ये एक रविवार गुलाबी, मग पांढरा, हिरवा कधी, लाल कधी. गोठा आधी मांडायचा, पण बाळ चोवीसच्या रात्रीच. मधले दिवस नुसती वाट पाहायची. कुलदीपने चार सेकंदांत उत्तर दिलं होतं : "पूरा समझ गया आंटी." चोवीसचं मात्र त्याला सहाच्या सकाळी कळलं, चर्चमधला रिकामा गोठा दिसल्यावर.

"बच्चे को ला. एक नजर देख लेती."

त्याने खोकं आणलं. आंटींनी कापूस बाजूला केला. बाळाच्या गालावर काजळाची तीट होती. कपाळावर दुसरी. कुलदीपची आई, कुसुमताई, कुठलंच काम अर्धं सोडत नसत.

"ये क्या है रे?"

"धूल, आंटी."

"गोल?"

एवढ्यात दारातून कुसुमताईच आल्या, हातात वाटी घेऊन. "लो शौरम्मा, कल बारसा हो गया तुम्हारे बच्चे का! मूंह मीठा करो. मीठा मतलब, घुगऱ्या हैं." मग त्यांचं लक्ष गव्हाणीकडे गेलं. "अरे कुलदीप, पाळणा रिकामा कुणी केला?"

कुलदीपने उंटाकडे पाहिलं. उंटाने मदत केली नाही.

मग सगळं बाहेर आलं. रिकामा पाळणा डोळ्यांसमोर ठेवायचा, तेही घरची बाई ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना, हे कुसुमताईंना सहन झालं नव्हतं. त्यांनी आधी वरवंटा निजवला, मग बाळ. खालच्या मजल्यावरच्या उषाताई आत्या झाल्या आणि रीतीप्रमाणे पाठीत धपाटे खाऊन गेल्या. नाव आधीच ठरलेलं असल्यामुळे वाद झाला नाही. फोटो कुलदीपने काढले.

"तुला सांगितलं नव्हतं त्यांनी, कधी ठेवायचं ते?" कुसुमताईंनी मुलाला विचारलं.

"सांगितलं असेल," कुलदीप म्हणाला.

शौरम्मा आंटी खुर्चीत बसल्या. बाळ मांडीवर. "तीस साल डिलिव्हरी वॉर्ड में थी मैं," त्या म्हणाल्या. "तीन हफ्ते पैले आए सो बच्चे भी बहुत संभाली. नाम रखा लेके आया सो पैली बार देख रई."

त्या हसल्या. कुसुमताईही हसल्या. कुलदीपला वाटलं, सुटलो, आणि तोही हसला. तेव्हा आंटींचं हसू थांबलं होतं.

"मेरा मेसेज खोल," त्या म्हणाल्या. "आखरी लाईन पढ."

मेसेज अर्ध्यावर कापलेला दिसत होता. खाली निळ्या अक्षरांत ‘पुढे वाचा’ असं होतं. त्याच्यावर कुलदीपने आजवर बोट ठेवलं नव्हतं. आता ठेवलं. रंग संपले, रविवार संपले, आणि सगळ्यात खाली दोन ओळी आल्या.

"बच्चे को हर साल अंकल रखते थे. इस साल तू रखना बाबू, मैं और किसी को नहीं बोली."

त्याने त्या मोठ्याने वाचल्या नाहीत. कुसुमताईंनी त्याच्या खांद्यावरून वाचल्या आणि हातातली वाटी हळूच टीपॉयवर ठेवली.

शौरम्मा आंटींनी पदराचं टोक ओलं करून बाळाचा गाल पुसायला घेतला. जुन्या मातीवर काजळ पसरलं. अर्धा गाल करडा झाला. त्या थांबल्या.

"रहने दो," त्या म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

दुपारी कुलदीपने लॅपटॉप उघडला. रजेच्या अर्जाखेरीज त्याला कुठलाच अर्ज येत नव्हता, म्हणून त्याच चालीवर लिहिलं :

प्रति,
हा विभाग ज्यांच्याकडे असेल ते.

विषय : चालू वर्ष पुन्हा पहिल्या रविवारपासून सुरू करण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी नम्र विनंती की, अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे दि. ५ रोजी झालेला जन्म रद्द समजण्यात यावा आणि नाताळपूर्वीचे चारही आठवडे नव्याने मंजूर करण्यात यावेत. अर्जदार वाट पाहण्यास तयार आहे.