मैदानाकडे पाठ

"वळू नका," बायको म्हणाली. "तुम्ही वळलात की गोल होतो."

हॉटडॉगवाला वळलाच नव्हता. तो गॅससमोर चिमटा धरून उभा होता आणि पॅनमधली सॉसेज उगाचच इकडून तिकडे लोटत होता. त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढून आणलेला टीव्ही. टीव्हीसमोर बायको आणि आई. आणि टीव्हीत त्याची लेक, मोठाले हातमोजे घालून, गोलसमोर. अंतिम सामना बरोबरीत सुटला होता आणि आता पेनल्ट्या चालू होत्या.

खरं तर आज त्याने बघायचंच ठरवलं होतं. पलीकडच्या गल्लीमागेच सामन्याचं मैदान, आणि मैदानाच्या जाळीला लागून त्याची गाडी. गिऱ्हाईक पायऱ्यांवर बसतं, म्हणून गाडीचं तोंड पायऱ्यांकडे आणि त्याची पाठ मैदानाकडे. उभा जन्म तिथे गेला, पण एक गोल डोळ्यांनी पाहिला असेल तर शपथ. आज सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता लेक म्हणाली होती, "बाबा, आज तरी माझ्याकडे तोंड करा."

म्हणून गाडी मेहुण्याच्या हवाली करून तो घरी बसला. मैदानात जाऊन बसण्यात अर्थ नव्हता. मेहुण्याने कांदा किती जाड कापलाय हे बघायला तो दर पाच मिनिटांनी उठला असता.

सामना सुरू झाला तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली, पाय नीट रोवले आणि बघू लागला. तेवढ्यात चेंडू लेकीच्या बोटांना चाटून जाळीत गेला. आई म्हणाली, "ऊठ रे बाबा. तू जा, काहीतरी खायला कर." ती म्हणाली थट्टेत, पण त्याच्या ते काळजात बसलं. तो उठून गॅसपाशी गेला आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत लेकीवर एकही गोल झाला नाही. उलट आपल्याच पोरींनी एक फेडला. मग काय, त्याला खुर्चीवर कोण बसू देतंय.

गाडीवर सॉसेज गरम पाण्यात पडून असतात, त्यांच्याकडे बघावंही लागत नाही. पॅनचं तसं नाही. आधी घोटभर पाणी, ते आटलं की लोणी, मग मंद आचेवर सारखं फिरवत राहायचं. तो हे सगळं निगुतीने करत होता. पण टीव्हीतल्या माणसाचा आवाज चढला की याचा हात आपोआप गॅसच्या बटणावर जायचा आणि आचही चढायची.

"आता शेवटची," बायको म्हणाली. तिने उशी पोटाशी घट्ट धरली होती. "त्यांची शेवटची. ही अडवली की कप आपला."

त्याचा हात पुन्हा गॅसच्या बटणावर गेला. लोणी काळं पडलं, पॅनमधून धूर निघाला आणि आईला ठसका लागला.

"खिडकी उघड आधी," ती खोकत म्हणाली. "कप बघायला मी जिवंत तर राहू दे."

"खिडकी नको हं," बायको म्हणाली. मैदानातला ओरडा टीव्हीच्या आधी खिडकीतून घरात शिरायचा. टीव्हीवर पोरगी अजून धावत असायची आणि गोल झाल्याचं घरात आधीच कळलेलं असायचं. म्हणून दुपारीच बायकोने खिडकी लावून घेतली होती.

पण आईचा ठसका थांबेना. त्याने खिडकी उघडली.

बाहेर कधी नव्हे इतकी शांतता होती. मग सगळ्या मैदानाने मिळून एकदाच श्वास आत ओढला. मग पुन्हा काही नाही. आणि मग आवाज फुटला, इतका, की मांडणीतले पेले किणकिणले.

बायकोने उशीत तोंड खुपसलं. "गेला. झाला गोल. अर्धं मैदान त्यांचंच आहे, तेच ओरडले."

टीव्हीवर समोरची पोरगी अजून चेंडू जागेवर ठेवत होती.

तो खिडकीची कडी धरून तसाच उभा राहिला. गाडीवर उभं राहून त्याने गोल पाहिले नव्हते, पण ऐकले सगळे होते. पाठीने ऐकले होते. गोल झाला की लोक लगेच ओरडतात, मध्ये फट नसते. गोल अडला की मध्ये एक फट पडते, कारण विश्वास बसायला माणसाला जरा वेळ लागतो. त्या फटीत तो नेहमी पावाला मोहरीचा सॉस लावायचा. आज त्याच्या हातात पाव नव्हता.

तो वळला आणि टीव्हीकडे चालत आला.

"अहो, वळू नका म्हटलं ना."

"अरे, तिकडेच तोंड ठेव," आईही म्हणाली.

"आता चालतं," तो म्हणाला. "उशी काढ गं तोंडावरची. बघ."

त्याने खुर्ची ओढली नाही. तो उभ्यानेच बघत राहिला. लेक रेषेवर उभी होती, हात पसरून, गुडघ्यांत जराशी वाकून. जीभ दातांत धरली होती. पहिल्यांदा सुरीने पाव कापायला बसली होती तेव्हा अशीच धरली होती. इतकी वर्षं ती गोलात अशी उभी राहते, आणि हे त्याला माहीतच नव्हतं.

समोरची पोरगी धावत आली. मागे पॅनमध्ये सॉसेज करपत होती. त्यांच्याकडे त्याची पाठ होती.