चार्जर
मी पेपर तपासायला लातूरला निघाले, त्या सकाळी अप्पा म्हणाले, “इन्व्हर्टर मठाला देऊन टाकलो बघ. लाइट गेली तर आईचं ऑक्सिजन मशीन माझ्या यंत्रावर चालंल.” त्यांनी घरी बनवलेलं ते यंत्र म्हणे फिरता फिरता स्वतःची बॅटरी स्वतःच भरायचं. मी विज्ञान शिकवते. असं होत नाही हे समजावून थकले होते. यंत्र बंद पडलं की त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून सहा महिने ते डोळे मिटून लिंगपूजेला बसले की मीच चार्जर लावायचे. परतल्यावर खरं सांगू म्हणून बस पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, यंत्रही थांबलं. आईला समाधी देऊन आल्यावर अप्पा यंत्राचा पट्टा चाचपत म्हणाले, “मीच ढिला ठेवलो असंल. सहा महिने चाललं की गं.” आईच्या साड्यांखाली लपवलेला चार्जर मी त्यांच्यापुढे ठेवला. “अप्पा, ती बॅटरी रोज मी भरत होते.”