रंध्याची दोरी

नवरा गेल्यावर चौथ्या महिन्यात बनुबाई रंधा मशीन बघायला सांगलीला आल्या. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी दोघांनी करायला घेतलेली दारं अर्धवट पडून होती.

"चालवणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"मीच. तीस वर्सं मालक मागनं रंधा रेटायचं, मी म्होरनं दोरी वडायची."

दुकानदारानं सगळ्यात लहान मशीन दाखवलं. "मग हेच घ्या, मावशी. याला दुसरं माणूस लागत नाही. फक्त नजर फळीवर ठेवायची."

बनुबाई मशीनच्या गार लोखंडावरून हात फिरवत राहिल्या.

"तेवढंच जमायचं न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "दोरी वडताना समोर मालक असायचं. फळीकडं मी कवा बघितलंच न्हाई."