तीन चाकांचे हरभरे

“हात मागे! डाव बंद!”

रुलेटचं चाक फिरवणाऱ्या म्हाताऱ्या फेर्मिनचा हा आवाज एलादियोनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मार देल प्लाता शहरातल्या कसिनोत नोकरीला नवाकोरा, काळा कोट अंगाला सैल. त्याला पन्नास वर्षं झाली. आवाज कानात अजून तसाच होता. डोळ्यांतलं मात्र सगळं निघून गेलं होतं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं.

“वाचतेस ना, म्हातारे?”

“वाचते रे. आधी हा माते चहा तर भरू दे.”

त्याच्या बायकोनं, नेलिदानं पाणी ओतलं. थोडं टेबलावर सांडलं. हल्ली रोजच सांडायचं.

“हात थरथरतो मेला,” ती म्हणाली आणि फडकं शोधू लागली. मग चष्म्याची काडी उघडल्याचा आवाज आला.

मुलानं पाठवलेल्या टॅबलेटवर रुलेटचं चाक आपोआप फिरत होतं. पैसे लावायचे नाहीत, नुसतं बघायचं. गोटी थांबली की टिंग वाजे, आणि नेलिदा आकडा सांगे.

एलादियोला एकदा तपासून पाहायचं होतं. हयातभर त्यानं टेबलामागून लोकांना हरताना पाहिलं. घरबसल्या खेळायच्या या नव्या चाकांवर लिहिलेलं असे, शंभर लावले तर एका शून्याचं चाक सत्त्याण्णव परत देतं, दोन शून्यांचं जेमतेम पंचाण्णव, आणि फ्रेंच चाक साडेअठ्ठ्याण्णव, कारण तिथे शून्य आलं तरी अर्धा डाव परत मिळतो.

“लिहिलेलं वेगळं, फिरलेलं वेगळं,” तो म्हणाला होता. “जे चाक सगळ्यांत जास्त देईल, त्यावर एकदाच पाकीट लावायचं.”

पाकिटात हिवाळ्याच्या शेगडीचे पैसे होते. जुनी शेगडी गेल्या वर्षीच विझली होती.

एप्रिलच्या मध्यापासून रोज वीस फेऱ्या. प्रत्येक चाकाच्या तीनशे सत्तर, दर वेळी लालवर एक हरभरा. लाल आला की त्या चाकाच्या वाटीत दोन टाकायचे, काळा आला तर काही नाही. फ्रेंच चाकासाठी त्यानं दहा-बारा हरभरे सुरीनं दुभंगून वेगळ्या बशीत ठेवले होते. अर्ध्या डावाला अर्धा दाणा.

“तेवीस.”

“लाल.” दोन दाणे वाटीत वाजले.

“सतरा.”

“काळा. पुढे?”

चाक बदलायचं असलं की शेजारची मिर्ता येऊन लावून द्यायची. “असल्या नव्या वस्तूंना माझा हात बसत नाही,” नेलिदा म्हणे, आणि त्याच खेपेला मिर्ताकडून दोन-चार सुयांत दोरा ओवून घेई.

“दोघं जुगारी, आणि पेसो एक लावत नाहीत!” मिर्ता हसायची. “इतका कंजूस जुगार मी बाई जन्मात पाहिला नाही.”

सकाळी दोघं पाव आणायला जात. तो तिचा दंड धरून चाले. कोपऱ्यावर ती थांबून राही. “येऊ देत अजून दोन माणसं. सोबतीनं ओलांडू.”

“आपल्याला कसली घाई आहे,” तो म्हणे. तिच्या दंडाची ऊब त्याच्या तळव्याला ओळखीची होती. त्या उबेमागे तो कुठेही गेला असता.

हिवाळा तोंडावर असताना, जूनच्या एका शुक्रवारी शेवटची फेरी झाली. एलादियोनं बोटांनी दाणे मोजले. एका शून्याच्या वाटीत तीनशे अडुसष्ट. फ्रेंच वाटीत तीनशे सहासष्ट. दोन शून्यांच्या वाटीत तीनशे चौऱ्याहत्तर.

त्यानं पुन्हा मोजले. मग हात बशीकडे गेला. दुभंगलेले दाणे सगळेच्या सगळे तिथेच होते. एकही उचलला गेला नव्हता.

अकराशे फेऱ्या. चाळीस वेळा तरी शून्य यायला हवं होतं. एकदाही आलं नव्हतं.

त्याला हळूहळू हसू फुटलं. शून्य आलं की टेबलावर कुणी बक्षिशी ठेवत नसे, आणि त्या बक्षिशीवर घर चाले. म्हणून लग्न झाल्यापासून नेलिदानं तो शब्द घरात कधी काढला नव्हता. फोनचा नंबर सांगतानासुद्धा ती ‘गोल’ म्हणायची. आणि इथे तर गोलही नाही! म्हातारीनं सगळे आकडे मनानं रचले, त्याचं चाक हरू नये म्हणून. वेडी कुठली.

पण हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

शनिवारी दुपारी त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. “ठरलं. दोन गोलांचं चाक. मिर्ता चारला येऊन पैसे लावून देईल.”

मिर्ताला त्यानं येऊ नकोस म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

“शेगडीचे आहेत ते,” नेलिदा हळूच म्हणाली.

“आकडे तूच वाचलेस ना? मग भीती कसली?”

भिंतीवरचं घड्याळ बोलत राहिलं. त्यानं चार टोले मोजले आणि फेर्मिनचा आवाज काढला, “हात मागे! डाव...”

“थांब, म्हाताऱ्या!” ती म्हणाली. “ते आकडे माझ्या मनाचे आहेत. सगळे.”

एलादियो खदखदून हसला. “माहीत आहे गं! अकराशे फेऱ्यांत एक गोल नाही, असं चाक देवानंही घडवलं नसेल. माझं मन मोडू नये म्हणून केलंस ना हे सगळं?”

नेलिदा हसली नाही. तिचा हात त्याच्या हाताकडे आला, आधी वाटीवर आदळला. हरभरे फरशीभर उधळले. मग चाचपत चाचपत बोटं त्याच्या बोटांपाशी पोचली.

“त्यासाठी नाही रे,” ती म्हणाली. “मार्चपासून मलाही दिसत नाही.”