परक्या नंबरावरची चित्रं

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ओटीपी तिसऱ्यांदा गेला. पुन्हा परक्या माणसाच्या फोनवर.

नंबर आरिफाचाच होता, पण जुना. दोन वर्षं रिचार्ज केला नाही म्हणून तो बंद पडला आणि कंपनीने दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. तिने फिकीर केली नव्हती. चित्रं साठवायच्या साइटवरचं तिचं खातं त्याच नंबरावर होतं खरं, पण फोनमध्ये ते सहा वर्षं उघडंच असायचं. काल तो फोन हरवला. नव्या फोनवर साइट म्हणाली, नंबरावर आलेला ओटीपी टाका.

खात्यात चार हजार एकशे बारा चित्रं होती. फोटो, पेंटिंग, कपडे. पांढरकवड्यात ब्लाउज शिवता शिवता एकेक निवडून ठेवलेली. उद्या अकराला नागपूरला फॅशनच्या कोर्सची मुलाखत होती. पत्रात लिहिलं होतं, तुम्ही जमवलेली चित्रं आणा, प्रवेश त्यावरूनच ठरेल.

तिने तो नंबर पुन्हा लावला.

"काका, मीच. आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे वाचून दाखवा ना."

"आलेत. सांगणार नाही." पुंडलिकरावांनी पहिल्या फोनवर स्वतःचं नाव सांगून टाकलं होतं आणि तेव्हापासून ते पस्तावत होते. "फोन लावला का ते बाई रोज सांगते, ओटीपी कोनालेच देऊ नका. अन् तू घंट्याभरात तीनदा मांगून राह्यली."

"मी पांढरकवड्याहून बोलते, काका."

"असंच सांगतेत सारे."

"तुम्ही कुठले? मीच येते तिथे."

"तेच तं सांगायचं नाही!"

आरिफाने दात आवळले. "पैशाचं काही नाही त्यात. माझे फोटो आहेत."

"कोनाचे फोटो?"

"बायांचे. म्हणजे, कपड्यांचे."

पलीकडे लांबून एका बाईचा आवाज आला, "कोन्या बायांचे फोटो आले जी तुमच्या फोनात?"

"माह्या नाही वं, हे पोरगी म्हंते..."

फोन हिसकावला गेला. "मी विजयमाला. याहिची बायको. काय फोटो हायेत, सांग बरं."

आरिफाने सांगितलं. मिठागरात उभी असलेली बाई, अंगावर गडद जांभळं लुगडं, मागे सगळं पांढरंफट. एकच बाही जमिनीपर्यंत आलेला काळा झगा. एका जुन्या चित्रातली पिवळी ओढणी. त्या पिवळ्यात हिरव्याची एक रेघ आहे, मोठं केल्याशिवाय दिसत नाही. ती सांगत गेली. ओटीपी दहाच मिनिटं चालतो, हे बोलण्याच्या भरात विसरली.

विजयमालाबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "तुले तं सारं तोंडपाठ हाय माय. मंग ते आकडे कायले पाहिजेत?"

फोन कटला. परत लावला तर बंद.

चौथा ओटीपी द्यायला साइटने नकार दिला. चोवीस तासांनी प्रयत्न करा. म्हणजे उद्या पावणेअकरा.

आरिफाने मापांची वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून, आठवेल ते एकेक चित्र शब्दांत लिहायला घेतलं. दुपारी चारपर्यंत एकोणनव्वद चित्रं उतरली होती. पुंडलिकरावांचा फोन अजून बंदच होता.