तिच्या आवडीचं

उद्या बायकोचं दहावं, म्हणून चुडामण दोन्ही पोरींना घेऊन धुळ्याच्या बाजारात आला होता. पिंडाशेजारी तिच्या आवडीचं ठेवलं नाही तर कावळा शिवत नाही, असं बहिणीनं बजावलं होतं. नऊ वर्षं तिच्या हातचं जेवला. पण तिला काय आवडायचं, ते काही केल्या आठवेना. हिरव्या वांग्यांच्या ढिगापाशी थांबून त्यानं थोरलीला विचारलं, “मायले भरीत आवडे ना?” “ते तुमले आवडे, नाना.” पलीकडे हलवाई जिलबी तळत होता. “जिलबी?” “ती आमले आवडे.” “मंग मायले?” “कागद. जिलबी सरनी का माय कागद चाटे. म्हने, माले हाऊच आवडस.” त्यानं पावशेर जिलबी घेतली, तिथंच उभ्या उभ्या पोरींना खाऊ घातली. धाकटी कागद चाटायला गेली, तसा त्यानं तो हिसकावला आणि नीट घडी घालून नैवेद्याच्या पिशवीत ठेवला.