दोनशे बारावी पहिली भेट

फाशी गेलेल्या शिरीष धोंगडेच्या मेंदूची नक्कल पोलिसांच्या यंत्रात अजून बोलत होती. सात बायका मारल्याचं तो सांगे, पण सातवीला, गोदावरीला, कुठे पुरलं ते मात्र सांगत नसे. मोठमोठ्या मानसतज्ज्ञांनी त्याच्या बुद्धीपुढे हात टेकले होते.

हवालदार रखमा टेमकर रोज सकाळी यंत्र सुरू करत आणि संध्याकाळी त्याची त्या दिवसाची आठवण पुसून टाकत. उरे ती फक्त त्यांची वही: वाद घातला की गप्प होतो, स्तुती केली की खोटं बोलतो, हातच्या कामाला नावं ठेवली की पेटतो.

आज त्या म्हणाल्या, "तुला धड खड्डा तरी खणता येतो का? कुत्र्यांनी कधीच उकरलं असेल."

"कुत्र्यांनी? पाच फूट खाली, वर फरशी! पिंपरखेडच्या पडक्या शाळेची पायरी हलवून दाखवा!" बोलून गेल्यावर तो थबकला आणि मग हसला. "पहिल्याच भेटीत काढून घेतलंत, बाई. माझ्याहून हुशार आहात."

"हुशार तूच रे," वही मिटत रखमाबाई म्हणाल्या. "मी आपली रोज येते."